सावलीतला खड्डा

भुजंगरावांविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन वापरावे लागते, याचे मला वाईट वाटते. परंतु आमच्या गावात ते इतके रुळलेले आहे की एकवचनात लिहिले तर माणूस दुसराच कोणी वाटेल. ते राजकारणी नव्हते, सावकार नव्हते, कोणाच्या अंगावर हात टाकणारे तर मुळीच नव्हते. सकाळी देवपूजा करत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी पारावर बसून ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्याविषयी बोलत. अशी माणसे प्रत्येक गावात असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यापासून कोणाचे काही बिघडत नाही. भुजंगरावांना मात्र एकदा काम मिळाले.

वडीगोद्रीला महामार्ग सोडून घनसावंगीच्या बाजूला आत वळले की आमचे गाव लागते. गाव पांढरीवर वसलेले आहे. म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, पुन्हा उठली आणि माती दबून घट्ट बसली, अशा उंचवट्यावर. भोवती सगळी काळी. पिके काळीत घ्यायची आणि घरे पांढरीवर बांधायची, ही वाटणी कोणी कोणाला शिकवत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर जुजबी पाया घालून घर बांधले तर ते दर ऋतूला हलते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. भुजंगरावांनाही ठाऊक असणारच. पण आपल्याला त्याहून बरेच अधिक ठाऊक आहे असा त्यांचा समज होता.

या समजाचा उगम पाटबंधारे खात्याच्या कामात होता. धरणाच्या डाव्या कालव्याची खोदाई चालू असताना मॅट्रिक नापास झालेल्या भुजंगला वडिलांनी, रखमाजींनी, कोणाच्या तरी पाया पडून तिथे चिकटवले. काम असे की साहेबांनी जमिनीतून मातीचा नमुना काढायचा, पिशवीत भरायचा, पिशवीचे तोंड बांधायचे, आणि मग ती पिशवी भुजंगने जीपपर्यंत उचलून न्यायची. काही वर्षे त्यांनी पिशव्या उचलल्या. कालवा पुढे सरकला तसे ते गावी परतले. येताना सोबत एक साहेबी टोपी होती, माती काढायचे एक लांब दांड्याचे गिरमिट होते, जे परत करायचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते, आणि पाचसहा इंग्रजी शब्द होते. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी याच सामग्रीवर काढले.

शेती थोरला भाऊ पाहत असे. भुजंगराव इतरांच्या जमिनी पाहत. कोणी घराचा पाया खणायला घेतला की ते टोपी घालून हजर. खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसायचे, चिमूटभर माती बोटांत चोळायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि डोळे बारीक करून दूर क्षितिजाकडे पाहायचे. भोवतालची माणसे कुदळफावडे खाली ठेवत.

“काय म्हनती वो माती?” कोणीतरी अखेर विचारी.

“स्ट्राटा बरा हाये,” ते म्हणत; स्ट्राटा म्हणजे जमिनीतला थर. “पर चुन्याचा अंश हाये थोडा. सांभाळून.”

काय सांभाळायचे हे त्यांनी कधीही सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. ज्या शेतकऱ्याने तीच जमीन चाळीस वर्षे नांगरली, तो तिच्याविषयी भुजंगरावांना विचारत असे. का, तर भुजंगरावांकडे टोपी होती. या प्रकारात मला भुजंगरावांइतकाच गावाचाही तिटकारा वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

गिरिजाबाई या आमच्या गावच्या शिक्षिका. बौद्ध वस्तीतल्या, अंबडला अध्यापिका विद्यालयात शिकून आलेल्या, आवाज हळू आणि शब्द मोजके. गावच्या संस्थेचे मुलींचे आठवी ते दहावीचे वर्ग त्यांच्याकडे होते. वर्ग म्हणजे देवळाचा सभामंडप. बाजाराच्या दिवशी तिथे भाजीवाले बसत, सप्ताहाच्या दिवसांत कीर्तनकार उतरत, आणि एरवी जाणारायेणारा प्रत्येक पुरुष दोन घटका थांबून मुलींकडे पाहून जाई. बापांची कुरकूर चालूच होती. पोरींना उघड्यावर बसवणार नाही, चार भिंती आणि दार असेल तरच सातवीपुढे पाठवू, असे त्यांनी बाईंना स्वच्छ सांगितले होते. न पाठवण्याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. चौदाव्या वर्षी हळद. म्हणून बाई इमारतीच्या मागे लागल्या होत्या. त्यांना स्वतःसाठी त्यातून काहीही मिळायचे नव्हते.

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी इमारतीला जागा दिली. ती गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, काळीत होती. आणि तिच्या मध्यावर एक खोलगट डबके होते, जिथे काहीच पिकत नसे. दान करायला माणसाला अशीच जागा सुचते. १९८८ च्या उन्हाळ्यात भूमिपूजन ठरले. जिल्ह्याचे एक मोठे पुढारी येणार होते. मोठा माणूस येणार म्हटले की आमच्याकडे पहिली तयारी हाराची नसते, मुरमाची असते. पाहुण्यांचा जोडा ढेकळात अडकू नये, गाड्यांची चाके भेगांत रुतू नयेत, यासाठी मुरूम पसरणे हा आमच्या भागातला शिष्टाचार आहे. तातेराव नावाचे ट्रॅक्टरवाले आठवडाभर खदानीतून मुरूम आणून टाकत होते. ते डबके त्यांनी काठोकाठ भरले, वर पाणी मारून रोलर फिरवला आणि त्याच जागी मांडव उभा राहिला. पुढारी आले, कुदळ मारली, गेले.

अनुदानासाठी जमिनीची तपासणी लागत होती. नमुने जालन्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचे होते. पण ते जागेवरून काढणार कोण, हा प्रश्न काकासाहेबांनी जागच्या जागी सोडवला.

“आपला भुजंग हाये ना,” ते म्हणाले. “त्याची तर जिंदगी गेली मातीत.”

पुढचा प्रसंग मला तातेरावांनी सांगितला, आणि तो सांगताना ते हसत होते. भूमिपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भुजंगराव टोपी, गिरमिट आणि दोन मजूर घेऊन जागेवर गेले. इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी खड्डे घ्यायचे, असे त्यांना सांगितलेले होते. कोपरे उघड्या काळीत होते. वैशाखाचे ऊन, सावलीला झाड नाही, आणि भेगाळलेल्या जमिनीवर पहार मारली तर ठिणगी उडावी अशी अवस्था. मांडव मात्र अजून उभा होता, कारण मांडववाला लग्नसराईत अडकला होता. भुजंगरावांनी एकदा कोपऱ्यांकडे पाहिले, एकदा वर पाहिले, आणि मग मांडवात जाऊन बसले.

“इथं घ्या,” त्यांनी कुदळीच्या जागेकडे बोट दाखवले. “इथं निम्मं खांदलेलंच हाये.”

मजुरांना उन्हात खणायची हौस नव्हती. मुरूम भराभर निघाला. छातीइतका खड्डा झाला तरी मुरूमच. भुजंगरावांनी चिमूट उचलली, जिभेला लावली.

“बघ, कसला स्ट्राटा लागला. याच्यावर तीन मजले चढव, हालायचं न्हाई.”

तातेराव मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, “भुजंगराव, ह्यो मुरूम तर मपल्याच ट्रॅक्टरनं आल्ता वाटतं. वळखीचा दिसू राह्यला.”

सगळे हसले. भुजंगरावही हसले.

“तातेराव, खदान काय आभाळातून पडली का? जमीन सगळी एकच अस्ती. वरून टाका का खालून काढा.”

“मंग कोपऱ्यावर कामून घेत न्हाई?”

“कोपरा काय येगळ्या गावाचा हाये? इथला न् तिथला स्ट्राटा बराबर.” आणि मग मजुरांना, “पाच पिशव्या भरा रे इथल्याच. जल्दी. नावं मी टाकतो कोपऱ्याची.”

खरे बोलले गेले होते. ते भर दुपारी, चारचौघांसमोर, मोठ्या आवाजात बोलले गेले होते. आणि विनोद म्हणून बोलले गेल्यामुळे कोणाला त्याचे काही करावे लागले नाही. मांडव खाली आला, पिशव्या जालन्याला गेल्या. प्रयोगशाळेने पिशवीत जे होते ते तपासले आणि उत्तम मुरूम असल्याचे कळवले. त्या कागदावर विसंबून पाया कंबरेइतका धरला गेला. मच्छिंद्र नावाच्या गवंड्याने तो सांगितला तसा भरला. कोपऱ्यांवर खणताना काळी लागली, तेव्हा तो काकासाहेबांकडे गेला होता. काकासाहेबांनी त्याला भुजंगरावांकडे पाठवले, आणि भुजंगरावांनी त्याला ‘तू थापी बघ’ असे सांगून परतवून लावले.

पुढच्या वर्षी मुली नव्या इमारतीत बसल्या. गिरिजाबाईंनी दाराला आतून कडी लावून शिकवलेला तो पहिला दिवस. बापांनी शब्द पाळला होता. आठवीचा वर्ग दुप्पट भरला होता. मग पाऊस झाला. श्रावणात दारे चौकटीत अडकू लागली, शहाबादी फरशीच्या कडा उचलल्या. दिवाळीनंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या आणि उन्हाळा येईपर्यंत त्या इतक्या रुंदावल्या की मुली त्यांत खडू ठेवू लागल्या. मधला भाग मुरमावर घट्ट होता आणि चारही कोपरे काळीबरोबर वरखाली होत होते. इमारत मधोमध धरून कोणीतरी पिळत असल्यासारखी दिसत होती.

संस्थेची बैठक बोलावली गेली. तालुक्याहून एक अभियंते आले होते. त्यांनी भेगा पाहिल्या, कागद पाहिले आणि शांतपणे सांगितले की तपासणी बरोबर असेल तर पायाही बरोबर आहे. मग दोष बांधकामाचा, आणि त्याला फक्त गिलाव्याची दुरुस्ती मिळेल. तपासणीच चुकीची असेल, तर मात्र नव्याने खड्डे घ्यावे लागतील, कोपऱ्यांखाली खोल पाया न्यावा लागेल, आणि तसा प्रस्ताव ते स्वतः पाठवतील.

“नमुने तुम्ही काढले होते ना?” त्यांनी भुजंगरावांना विचारले. “खड्डे नेमके कुठे घेतले होते?”

अख्ख्या बैठकीत एवढे एकच वाक्य हवे होते. त्या वाक्याने भुजंगरावांना तुरुंग होणार नव्हता, दंड होणार नव्हता. थोडी लाज वाटली असती, तीही संध्याकाळपर्यंत.

“जिथं घ्यायला पाह्यजे तिथं,” भुजंगराव म्हणाले.

गिरिजाबाई उठून उभ्या राहिल्या. “भुजंगराव, मांडवात घेतले होते. भरावात. एवढंच म्हणा. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. पोरी बसत्या होतील.”

“बाई, तुम्ही भूगोल शिकवता का?”

“शिकवते.”

“मंग पुस्तकातली माती तुम्ही बघा. जमिनीतली मला बघू द्या.”

हशा झाला. ‘भराव’ ऐकून अभियंत्यांनी तो टाकणाऱ्या, बैठकीत बसलेल्या तातेरावांकडे पाहिले. तातेरावांनी काकासाहेबांकडे पाहिले. काकासाहेब पानाचा चुना बोटावर घेण्यात गुंतले होते. तेव्हा भुजंगरावांना धीर आला आणि त्यांनी आपला सिद्धांत मांडला. माती तपासली तेव्हा बिलकुल चांगली होती. नंतर कालव्याचे पाणी शिवारात फिरले आणि माती बदलली. “मातीबी मान्सासारखीच अस्ती, साहेब. फिरती,” असे म्हणून ते बसले. दोष गवंड्यावर आला. मच्छिंद्रला गावात पुढे काम मिळाले नाही; तो पोट भरायला पुण्याकडे निघून गेला.

उन्हात न जाणे हा काही मोठा अपराध नव्हे. आळस माणसाला क्षम्य असतो, अज्ञानही. पण ज्याला एक वाक्य बोलून चाळीसेक मुलींचे दप्तर वाचवता आले असते आणि ज्याने त्याऐवजी मातीवर फितुरीचा आरोप केला, त्या माणसाविषयी सौम्य शब्द शोधण्याचा प्रयत्न मी बऱ्याच वेळा केला आहे. तो सापडलेला नाही.

भेगा लिंपल्या गेल्या. वर्षभराने गिलाव्याचा एक मोठा पोपडा मधल्या सुटीत बाकांवर कोसळला. वर्ग रिकामा होता म्हणून कोणाला लागले नाही, पण त्या संध्याकाळपासून बापांनी मुली घरीच ठेवल्या. त्या हंगामात आठवीनववीतल्या कितीतरी मुलींची लग्ने उरकली. देवळात परत बसायला कोणी तयार नव्हते. बाईंकडे वर्गाचा तिसरा हिस्सा उरला, आणि त्या उरलेल्या मुलींचे बापही ‘चार भिंती दाखवा’ म्हणून अडून बसलेले.

मग एका सकाळी गिरिजाबाई उरलेल्या मुलींची रांग घेऊन गावात आल्या आणि भुजंगरावांच्या दारात उभ्या राहिल्या. ते घर पांढरीवर, रखमाजींच्याही आधीपासूनचे. भिंतीला केसाइतकी चीर नाही. या घराचा उंबरा बाईंनी तोवर कधी ओलांडला नव्हता. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला तिथे अंगणापर्यंतच मोकळीक होती. आत भुजंगरावांचा नाष्टा चालू होता.

“काय काढलं, बाई?”

“तुमची ओसरी आणि मधली खोली हवी,” बाई म्हणाल्या. “दहावी होईपर्यंत.”

“इथं? घरात? आवं, मान्सं राह्यतात इथं!”

“पोरीबी मान्संच हायेत की,” आतून आवाज आला. भुजंगरावांच्या पत्नी सोनूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी रांगेकडे पाहिले, बाईंकडे पाहिले.

“तू आत जाय,” भुजंगराव म्हणाले.

“जाते. सतरंजी आनायला.” आणि जाताजाता, “साऱ्या गावाच्या जमिनी चाटल्या तुम्ही, एक साळा उभी ऱ्हाईना. निदान बापाच्या भिती तरी कामाला येऊ द्या.” मग बाईंना, “तुम्ही या वो वर. उंबऱ्यात कामून उभ्या?”

वर्ग भरला. भिंती दिसल्यावर बाप नरमले. काही मुली परत आल्या. भुजंगराव मात्र दुपारची झोप मोडल्यामुळे हैराण झाले. ते संधी शोधत राहिले आणि वेचणी सुरू झाल्यावर त्यांना ती मिळाली.

“कापूस घरात येऊ राह्यला, बाई. खोली खाली करावी लागंल. मी काय करनार? भाऊ ऐकत न्हाई.”

बाईंनी वाद घातला नाही. त्या काकासाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की भुजंगरावांनी स्वतःचे घर शाळेला दिले आहे, त्यांचा सत्कार व्हायला हवा, आणि तशी पाटी त्यांच्या दारावर लावायला हवी. काकासाहेबांना नव्या इमारतीविषयी कोणी प्रश्न विचारणार नाही असा कोणताही कार्यक्रम तेव्हा हवाच होता. शाल आली, श्रीफळ आले. दारावर रंगवलेली पाटी चढली: ‘विद्यादानासाठी स्वगृह अर्पण करणारे शिक्षणप्रेमी भूमितज्ज्ञ मा. श्री. भुजंगराव.’ ‘भूमितज्ज्ञ’ हा शब्द बाईंनी स्वतः सुचवला होता. भुजंगरावांनी पाटी दोनदा मोठ्याने वाचून घेतली. त्यानंतर कापूस गोठ्याच्या माळ्यावर गेला आणि खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हात धरून दारापाशी नेत आणि वर पाहायला लावत.

त्या ओसरीवरून मुलींच्या पाच तुकड्या दहावी झाल्या. त्यांतली शिवकन्या नावाची एक आज धावड्याकडे शिक्षिका आहे. रस्त्याकडेची ती इमारत पुढे संस्थेने पाडली आणि नवी बांधली. तिची जमीन जालन्याहून आलेल्या माणसांनी तपासली. त्या वेळी भुजंगराव टोपी घालून गेले होते. त्यांना कोणी विचारले नाही, तरी ते संध्याकाळपर्यंत थांबले आणि पारावर येऊन म्हणाले की स्ट्राटा अजून पुरता सुधारलेला नाही.

ते २००३ साली वारले. शोकसभा शाळेच्या पटांगणावर झाली. काकासाहेब थकले होते, तरी बोलले. मातीची नस ओळखणारा माणूस गेला, असे म्हणाले. तातेरावांनी डोळे टिपले. ते खरेच रडत होते, असे मला वाटते. मग कोणीतरी निवृत्त झालेल्या गिरिजाबाईंना आग्रह केला. त्या उठल्या. लोकांना वाटले, आता काहीतरी निघेल. मलाही वाटले, आणि खरे सांगायचे तर मी त्यासाठीच थांबलो होतो.

“त्यांच्या घराच्या भिंती चांगल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “आणि सोनूबाईंनी आम्हाला कधी पाण्यावाचून ठेवलं नाही.”

आणि त्या खाली बसल्या.